दाढीचा ब्रश घ्यायचाय? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं सोसायटीतली, ऑफिसातली, नात्यातली मुलं मला एकच गोष्ट विचारत आली आहेत: फोमचा डबा सोडून ब्रशने दाढी करायची आहे, कुठला ब्रश घेऊ? खर्च फार नको. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदा लिहून काढलं. मी नौपाड्यात राहतो, नोकरी ऐरोलीला. त्यामुळे उत्तरं इथल्या हवेची, इथल्या पाण्याची आणि इथल्या सकाळच्या घाईची आहेत. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत राहणाऱ्याने काही गोष्टी वेगळ्या ठरवल्या तरी चालतील.

थोडक्यात सांगा, कुठला घेऊ?

सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम तंतूंचा. झुबका, म्हणजे केसांचा गुच्छ, बुडाशी २४ मिलिमीटरच्या आसपास, मूठ ओल्या हातातून न सटकणारी, किंमत साधारण ४०० ते ७०० रुपये. पहिला ब्रश एवढाच. यापेक्षा जास्त पैसे पहिल्या ब्रशावर घालू नका. ब्रश चांगला असूनही फेस येत नाही अशी तक्रार घेऊन येणारे मी कितीतरी पाहिले आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना नवा ब्रश नको होता, दोन आठवड्यांचा सराव हवा होता.

ब्रश लागतोच का? बोटांनी क्रीम लावून होत नाही?

होतं की. पण ट्यूबमधलं क्रीम घट्ट असतं, त्यात पाणी मिसळायचं आहे हे धरूनच ते बनवलेलं असतं. बोटांनी चोळलं तर पाणी मिसळत नाही, पांढरा पातळ थर तेवढा बसतो. ब्रश त्यात पाणी आणि हवा दोन्ही घोटतो. शिवाय दाढीचे खुंट ओले होऊन मऊ पडायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि ब्रश फिरवताना तो वेळ आपोआप जातो. आडवे पडलेले खुंट उभे होतात, खाली साचलेली मृत त्वचा सुटते, मग पातं ओढावं लागत नाही. मानेवर दाढीनंतर लाल पुरळ येणाऱ्या मुलांना मी आधी ब्रश घ्यायला सांगतो, महागडं रेझर नंतर.

पैशांचंही बघा. ब्रशावर एका दाढीला बदामाएवढं, म्हणजे एखाद ग्रॅम क्रीम पुरतं. ७० ग्रॅमची ट्यूब एक दिवसाआड दाढी करणाऱ्याला चार-साडेचार महिने जाते. फोमचा डबा वापरणाऱ्याने तो किती दिवस पुरतो ते एकदा मोजून बघावं.

सिंथेटिकच का? नैसर्गिक केसांचा चांगला असतो असं ऐकलंय.

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्रशाबद्दल इंटरनेटवर जे वाचायला मिळतं त्यातलं पुष्कळसं युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी लिहिलेलं आहे. तिथल्या न्हाणीघरात सकाळी वापरलेला ब्रश संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ८०-९० टक्के दमटपणा असतो. टॉवेल वाळत नाहीत, पापड सादळतात, चपलांवर बुरशी येते. अशा हवेत प्राण्याच्या केसांचा दाट झुबका बाथरूममध्ये ठेवला तर टोकं वाळतात, पण मुळाशी, जिथे केस मुठीत चिकटवलेले असतात, तिथे ओल तशीच राहते. दुसऱ्या दिवशी आपण तो पुन्हा भिजवतो. चार महिने हेच चालतं.

माझा पहिला ब्रश डुकराच्या केसांचा होता, चांगल्या बनावटीचा. जुन्या इमारतीतलं आमचं न्हाणीघर, खिडकी म्हणजे वर काचेच्या तीन पट्ट्या. ऑगस्ट उजाडला तेव्हा ब्रशाला कोंदट वास येऊ लागला. मी साबण बदलून पाहिला. शेवटी एका रविवारी गॅलरीच्या उजेडात केस बोटांनी फाकवले, तर बुडाशी राखाडी ठिपके आणि त्यावर कापसासारखी लव. शँपूने धुतला, व्हिनेगरमध्ये बुडवला, उन्हासाठी आठवडाभर वाट पाहिली. वास गेला नाही. तो ब्रश टाकून द्यावा लागला. त्यात ब्रशाचा दोष नव्हता, तो या हवेसाठी नव्हता एवढंच.

आताचे सिंथेटिक तंतू बहुतेक पीबीटी नावाच्या पॉलिएस्टर जातीच्या प्लास्टिकचे असतात. केस पाणी पितात, हे तंतू पीत नाहीत. पाणी तंतूंच्या मधल्या जागेत धरलं जातं, दोन-तीनदा जोरात झटकलं की बरंचसं निघून जातं. पावसाळ्यातही माझा सिंथेटिक ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला कोरडा लागतो. आधी भिजत घालावा लागत नाही, नवा असताना वास येत नाही, पहिल्याच दिवशी मऊ असतो. जुने नायलॉनचे ब्रश गालाला टोचायचे, त्यावरून सिंथेटिकचं नाव खराब झालं. आताच्या तंतूंची टोकं इतकी बारीक निमुळती केलेली असतात की डोळे मिटून फिरवला तर महागड्या ब्रशाशी तुलना करायचा मोह होतो.

दुकानात ब्रश हातात घेतल्यावर आपण मऊपणा बघतो. आपल्या गावात आधी विचार करायचा तो वाळण्याचा.

मग डुकराच्या केसांचा ब्रश घेऊच नये का?

तसं नाही. कोरडी, हवेशीर बाथरूम असेल, किंवा ब्रश बाहेर पंख्याखाली ठेवायची सोय असेल, तर तो फार समाधान देणारा ब्रश आहे. इटलीतल्या बोलोन्या शहरात १९३१ पासून ब्रश बनवणाऱ्या ओमेगाचे ब्रश ऑनलाइन मिळतात आणि त्यातले साधे प्रकार हजार रुपयांच्या आगेमागे असतात. घट्ट साबणाच्या वडीवर त्याच्यासारखा ब्रश नाही, कारण केसांना ताठपणा असतो.

मात्र त्याला धीर लागतो. वापरण्याआधी तीन ते पाच मिनिटं कोमट पाण्यात भिजवावा लागतो, नाहीतर तो तुमच्या फेसातलंच पाणी पिऊन टाकतो आणि फेस बसतो. नवा असताना गोठ्यासारखा वास येतो. पहिले पंधरा-वीस वेळा तो खरखरीत लागतो, मग एकेका केसाचं टोक फाटत जातं आणि दर आठवड्याला ब्रश मऊ होत जातो. लवकर माणसाळवायचा असेल तर रोज रात्री त्यावर फेस करून तो तसाच ठेवायचा आणि सकाळी धुवायचा. हे उद्योग उन्हाळ्यात करा, पावसाळ्यात नको.

बॅजरचा ब्रश म्हणजे सगळ्यात भारी ना? मला ३५० रुपयांत मिळतोय.

३५० रुपयांत बॅजर मिळत नाही. बॅजर हा बिळात राहणारा प्राणी, ब्रशासाठीचे त्याचे केस मुख्यतः चीनमधून येतात. त्याच्या प्रती असतात: सगळ्यात साधी प्युअर, वरची सिल्व्हरटिप. साधी प्रतही स्वस्त नसते आणि सिल्व्हरटिप काही हजारांत जाते. बॅजरच्या केसाला नैसर्गिक रंगांचा पट्टा असतो, टोक पांढुरकं, मध्ये काळं. तो पट्टा नायलॉनवर किंवा डुकराच्या केसांवर रंगवणं अवघड नाही.

मी स्वतः असा एक ब्रश घेतला आहे. डबीवर बॅजर, भाव बेताचा, विक्रेता खात्री देत होता. घरी येऊन कोमट पाण्याच्या मगात बुडवला आणि पाणी चहासारखं झालं, मग काळपट. पांढऱ्या बेसिनवर करडे ओघळ उतरले. तीन दिवस रोज धुतला, तिसऱ्या दिवशीही बोटांना रंग लागत होता. मग एक केस उपटून, चिमट्यात धरून काडी लावली. खरा केस जळताना केस जळल्याचाच वास येतो आणि बोटाने चुरडला की राख होते. माझा केस आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. प्लास्टिक.

ही परीक्षा तुम्हीही करा, एकच केस पुरतो. खिडकी उघडी ठेवा आणि ब्रश ज्योतीपासून लांब. आणि एक लक्षात घ्या: सिंथेटिक म्हणून विकलेल्या ब्रशावरचा बॅजरसारखा पट्टा ही फसवणूक नाही, तो केवळ देखणेपणासाठी असतो. सिंथेटिकला बॅजर म्हणून विकणं ही फसवणूक.

घोड्याच्या केसांचा?

मऊपणात आणि ताठपणात डुकराच्या आणि बॅजरच्या मधला. आपल्या बाजारात क्वचित दिसतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत दाढीच्या ब्रशांमुळे अँथ्रॅक्स झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या, सैनिकांमध्येही. गुरांच्या बाबतीत आपल्याकडे ज्याला फाशी म्हणतात तोच रोग. बॅजरची नक्कल करायला वापरलेले, नीट निर्जंतुक न केलेले घोड्याचे केस त्यामागे असल्याचं आढळलं. पुढे केस निर्जंतुक करण्याचे नियम आले. आजचा नामांकित बनावटीचा ब्रश घेताना ही भीती बाळगायचं कारण नाही, पण कुणाचा तरी शंभर वर्षं जुना ब्रश हौसेने चेहऱ्याला लावू नका.

आमच्या घरात प्राण्यांच्या केसांची वस्तू चालत नाही. ओळखायचं कसं?

हा प्रश्न मला जैन मित्रांनी विचारला आहे आणि मुंब्र्याहून येणाऱ्या मुस्लीम सहकाऱ्यांनीही, कारणं वेगवेगळी. वेष्टनावर नुसतं ‘ब्रिसल’ किंवा ‘नॅचरल ब्रिसल’ लिहिलेलं असेल तर ते डुकराचे केस समजा. ‘बोअर’ म्हणजेही तेच. ‘सिंथेटिक’, ‘नायलॉन’ किंवा ‘व्हीगन’ असं स्पष्ट छापलेलं हवं. काहीच छापलेलं नसेल तर घेऊ नका. मुठीबद्दलही विचारा, कारण काही मुठी शिंगाच्या असतात. मी सिंथेटिक सुचवतो त्यामागे हेही एक कारण आहे: घरात कुणाचं मन मोडत नाही.

२४ मिलिमीटर म्हणजे नेमकं काय मोजायचं?

केस मुठीत जिथे शिरतात तिथला व्यास, म्हणजे आडवं माप. दुकानात पट्टी नसते, पण खिशात नाणं असतं. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे. ते झुबक्याच्या बुडाशी धरा, झुबका त्याहून किंचित लहान दिसला की माप बरोबर. २० च्या खालचा ब्रश पाणी आणि फेस पुरेसा धरत नाही. २६ च्या वरचा झुबका नाकात-तोंडात फेस भरतो. जे फक्त गाल आणि मान घोटतात आणि मिशी किंवा फ्रेंच कट ठेवतात त्यांनी २० ते २२ घ्यावा, कडेने नेमका फिरतो.

केसांची उंची ५० ते ५५ मिलिमीटर ठीक. उंच केस लुळे पडतात, आखूड केस ताठ राहतात. सिंथेटिकमध्ये ५० च्या जवळचा घेतला तर त्याला जरा जोर राहतो.

मुठीचं काय एवढं?

ओल्या, साबण लागलेल्या हाताने धरून बघा. मध्ये बारीक, वर-खाली फुगीर अशी मूठ बोटांत बसते. लाकडी मूठ फोटोत सुंदर दिसते, आपल्या दमट हवेत तिचं पॉलिश उडतं आणि चिरा जातात. रेझिनची किंवा साध्या घट्ट प्लास्टिकची घ्या. कड्याला लोखंडी पट्टी असेल तर ती गंजणार हे धरून चाला.

ठाण्यात, नवी मुंबईत कुठे बघू?

औषधांच्या दुकानात आणि किराणा दुकानात जे लटकवलेले ब्रश दिसतात ते बहुतेक साधे नायलॉनचे. त्यापेक्षा सलूनचं सामान विकणारी दुकानं गाठा. ठाण्यात स्टेशनच्या पश्चिमेला, जांभळी नाक्याच्या बाजाराकडे चौकशी केली तर दुकानदारच बोट दाखवतात. वाशीला सेक्टर १७ च्या बाजूने फिरा. कुणी मुंबईला जाणार असेल तर क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास प्रसाधनांचा घाऊक बाजार आहे. ‘याची’ (Yaqi) सारख्या चिनी कंपन्यांचे चांगले सिंथेटिक ब्रश मात्र बहुधा ऑनलाइनच घ्यावे लागतात.

दुकानात घेतलात तर एक फायदा: हात लावता येतो. केस तळहातावर दाबून गोल फिरवा, टोचतात का बघा. मग झुबका चिमटीत धरून हलकेच ओढा. दोन-तीन केस हातात आले तर चालेल, पुंजका आला तर ब्रश परत ठेवा. केसांच्या मुळाशी डिंकाचा उंचवटा लागतो का तेही चाचपा, तो असेल तर ब्रश मधोमध कडक राहतो.

माझं बजेट १०० रुपये आहे. मग सोडून देऊ?

अजिबात नाही. १०० रुपयांचा नायलॉनचा ब्रश गालावर घोटला तर ओरखडतो, म्हणून तो गालावर घोटूच नका. फेस वाटीत तयार करा आणि ब्रशाने नुसता लावा, रंगारी भिंतीला हात मारतो तसा. फोमच्या डब्यापेक्षा नक्की चांगली दाढी होईल. माझ्या एका भाच्याने अख्खं कॉलेज अशाच ब्रशावर काढलं.

फेस येतच नाही. येतो तो मिनिटात विरून जातो. काय चुकतंय?

जवळजवळ नेहमी पाणी चुकतं. आधी जास्त, नंतर कमी.

असं करा. दाढी अंघोळीनंतर करा, किंवा गरम पाण्याने चेहरा नीट धुवून. ब्रश कोमट पाण्यात बुडवा आणि दोनदा झटका, टपटपता नको. चिनी मातीचा जुना मग घ्या. स्टीलच्या वाटीचं बूड गुळगुळीत असतं आणि ती लगेच गार पडते; चिनी मातीचा मग मात्र हातात नीट बसतो आणि ऊब धरतो. बुडाशी बदामाएवढं क्रीम टाका आणि ब्रशाच्या टोकांनी गोल फिरवायला लागा. दाबू नका.

पहिल्या वीस सेकंदांत मोठे बुडबुडे येतात, घुसळलेल्या ताकावर येतात तसे. इथे बरेच जण थांबतात आणि हाच बुडबुड्यांचा फेस तोंडाला फासतात. थांबू नका. फिरवत राहा. बुडबुडे बारीक होत जातात, फेस घट्ट होतो, ब्रश जड लागायला लागतो. आता बोटं पाण्यात बुडवून चार थेंब शिंपडा आणि पुन्हा फिरवा. पुन्हा चार थेंब. तिसऱ्या-चौथ्या वेळी एक क्षण असा येतो की फेस मंद चमकतो, आवाज बदलतो, कोरडा सर्रसर्र आवाज जाऊन ओला, भरीव आवाज येतो. दिसायला फेटलेल्या सायीसारखा. ब्रश वर उचलला की फेसाचं टोक उभं राहून किंचित कलतं. थोडा फेस दोन बोटांत चोळा: बोटं सुळकन घसरली पाहिजेत.

गालावर फेस थापल्यासारखा कोरडा बसत असेल आणि पातं अडत असेल तर पाणी कमी आहे. ओघळून गळ्यावर येत असेल तर जास्त. कमी असेल तर ब्रशाचं टोक पाण्याला लावून पुन्हा गालावर फिरवलं की दुरुस्त होतं. जास्त झालेलं पाणी काढता येत नाही, थोडं क्रीम वाढवावं लागतं, म्हणून थेंबाथेंबानेच घाला.

हा सराव रविवारी दाढी न करता करा. नुसता फेस करा, बेसिनमध्ये ओता, पुन्हा करा. क्रीम वाया जातं असं वाटेल, पण तीन रविवारांत हात बसतो.

आमच्या सोसायटीत टँकर येतो. त्या पाण्याने फेसच होत नाही.

शाळेच्या पुस्तकात जड पाण्याला दुष्फेन म्हटलेलं आठवतं का? ज्यात फेस धड होत नाही ते दुष्फेन. नावातच उत्तर आहे. बोअरवेलच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी जुळून न विरघळणारा चिकट साका बनवतात, फेसाला साबण उरत नाही. नवी मुंबईत महापालिकेचं मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्यात भातसा नदीचं. दोन्ही पावसावर भरणारी, पाणी तुलनेने मऊ. पण घोडबंदर रोडच्या पुष्कळ सोसायट्यांना टँकरवर आणि बोअरवेलवर भागवावं लागतं आणि तिथून ही तक्रार हमखास येते.

उपाय सोपा आहे. फेस करायला अर्धा ग्लासही पाणी लागत नाही. स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं तेवढं कोमट करून घ्या, फिल्टर आरओचा असेल तर उत्तम. चेहरा धुवायला नळाचं चालेल. ते जमत नसेल तर क्रीम दीडपट घ्या. आणि ब्रशाच्या मुळाशी पांढरट चिकट थर बसतो तो महिन्यातून एकदा काढा: एक भाग पांढरं व्हिनेगर, दहा भाग पाणी, त्यात पाच मिनिटं, मग भरपूर धुवा. व्हिनेगर नसेल तर पाण्यात अर्धं लिंबू गाळून पिळा.

क्रीम घेऊ की साबणाची वडी?

सुरुवातीला क्रीम. गोदरेज, पामोलिव्ह, व्ही-जॉन, जे घरात असेल ते. मऊ सिंथेटिकशी क्रीम लगेच जमतं. दाढीचा साबण हवा असेल तर दाढीचाच घ्या, अंघोळीचा नको. दाढीच्या साबणात साधारणपणे पोटॅशियमचे क्षारही असतात, त्यामुळे त्याचा फेस दाट होतो आणि टिकतो. अंघोळीच्या साबणाचा फेस पहिला गाल होईपर्यंत वाळलेला असतो.

सकाळी माझ्याकडे दहा मिनिटं असतात. ट्रान्सहार्बर लोकल पकडायची आहे.

मलाही तीच पकडायची असते. फेसाला दीड-दोन मिनिटं, दाढीला पाच, धुवायला एक. सिंथेटिक भिजत घालायचा नसल्याने तो वेळ वाचतो. ज्या दिवशी खरंच उशीर झाला त्या दिवशी मगही नको: ओल्या गालावर क्रीमचे चार ठिपके द्या आणि ब्रश थेट तोंडावर फिरवा.

ब्रश धुवायचा, वाळवायचा कसा?

वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, झुबका मुठीत घेऊन हलकेच दाबा, पाणी नितळ येईपर्यंत. पिळू नका. कपडा पिळतो तसा पिळला की केस मुळाशी तुटतात. मग जोरात तीन-चार झटके, कोरड्या टॉवेलवर पाच-सहा वेळा पुढे-मागे, आणि ब्रश बाथरूमच्या बाहेर. हे शेवटचं कुणी पाळत नाही. आमच्याकडे ब्रशाची जागा बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर आहे. पावसाळ्यात रात्रीच्या पंख्याची हवा लागते तिथे. कपाटात, डबीत, प्लास्टिकच्या पिशवीत ओला ब्रश कधीही ठेवू नका.

उकळतं पाणी वापरू नका. केस ज्या डिंकाने बसवलेले असतात तो सैल पडतो.

स्टँड घ्यावा का? उलटा टांगला की लवकर वाळतो ना?

नीट झटकलेला ब्रश उभा ठेवला काय आणि टांगला काय, मला वाळण्यात फरक दिसला नाही. जागा वाचत असेल तर घ्या.

नव्या ब्रशाचे केस गळतात. परत करू?

पहिले दोन आठवडे रोज एक-दोन गळले तर वाट बघा, कापताना सुटे राहिलेले असतात. महिन्यानंतरही गळत असतील किंवा मधोमध खळगा पडला असेल तर परत करा. खळगा पडण्याला मात्र कधी कधी आपणच कारण असतो: ब्रश गालावर मुळापर्यंत दाबून गोल गोल घोटला की मधले केस मोडतात. टोकांचा वरचा एक सेंटिमीटर वाकेल इतकाच जोर पुरे.

ब्रश घेतला तरी मानेवर पुरळ येतंच.

मग पातं आणि दिशा बघा. मानेवरचे खुंट बरेचदा आडवे वाढतात. बोट फिरवून कुठल्या बाजूने गुळगुळीत लागतं ते शोधा आणि आधी त्याच दिशेने, सुलटी दाढी करा. दुसऱ्यांदा पुन्हा फेस लावून आडवा हात. उलटी दाढी घोटायचा हट्ट महिनाभर सोडा. नंतर गार पाणी आणि ओली तुरटी. पू धरलेल्या पुटकुळ्या असतील, नायट्यासारखा गोल चट्टा असेल तर दाढी थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर जुना ब्रश वापरू नका.

बाबांचा आणि माझा एकच ब्रश चालेल?

नको. प्रत्येकाचा वेगळा. पात्याने बारीक ओरखडे येतातच आणि ब्रश त्यावरून फिरतो. सलूनमध्येही हाच विचार करा. नवं अर्धं पातं आपल्यासमोर बसवायला आपण सांगतो, ब्रशाबद्दल कुणी बोलत नाही. नेहमीच्या दादांकडे आपला ब्रश घेऊन गेलात तर ते काही वाईट वाटून घेत नाहीत, मी विचारून पाहिलं आहे.

विमानात नेता येतो?

ब्रश हातातल्या बॅगेत चालतो. सेफ्टी रेझरची सुटी पाती चालत नाहीत, ती चेक-इनच्या बॅगेत. प्रवासात ब्रश कोरडा करूनच भरा. घाईत ओला भरावा लागला तर सुती रुमालात गुंडाळा आणि खोलीवर पोचल्यावर आधी तो बाहेर काढा.

एक ब्रश किती वर्षं जातो?

माझा आताचा सिंथेटिक सहा वर्षांचा आहे. मुठीवरचं नाव पुसलं गेलं आहे, काही तंतूंची टोकं जरा वळली आहेत, फेस पहिल्या दिवसासारखाच होतो. डिंक सुटून झुबका हलायला लागला, किंवा धुवूनही वास राहिला, की बदला. झुबका अख्खा निघून आला आणि तंतू चांगले असतील तर मुठीतला खड्डा कोरडा करून, इपॉक्सीने चिकटवून, चोवीस तास ठेवला तर तोच ब्रश पुन्हा चालतो. इपॉक्सीची जोड-ट्यूब हार्डवेअरच्या दुकानात मिळते.